सीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर गाणी उतरवायला बसण्याआधी

ड्राइव्ह विकत घ्यायला धावू नका. आधी घरातल्या सगळ्या डिस्क एका जागी आणा आणि मोजा. आठ-दहाच निघाल्या तर कुणाची तरी ड्राइव्ह दोन दिवस मागून आणली तरी काम होतं. दीडशे निघाल्या तर स्वतःची ड्राइव्ह हवी आणि मधूनमधून बरेच दिवस द्यायची तयारीही हवी. मी या कामाचा एकच नियम पाळते: प्रत्येक डिस्क एकदाच फिरवायची, पण ती अशी की पुन्हा बाहेर काढावी लागू नये. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

मोजता मोजता डिस्कचे तीन गठ्ठे करा. कंपनीने छापलेल्या ऑडिओ सीडी एकीकडे. एमपीथ्री भरलेल्या डिस्क दुसरीकडे. त्यात साध्या फाइलीच असतात, ड्राइव्ह जोडून कॉपी केल्या की संपलं. तिसरा गठ्ठा सीडी-आरचा, म्हणजे कोऱ्या आणून घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या (भरलेल्या) डिस्कचा, आणि सुरुवात याच गठ्ठ्यापासून करा. छापील सीडीत माहिती प्लास्टिकमधल्या खळग्यांच्या रूपात असते, तर सीडी-आरमध्ये ती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने उतरत जातो. शिवाय बाजारातला अल्बम दुसरीकडे मिळू शकतो, आत्याच्या गाण्याचं घरगुती रेकॉर्डिंग मिळणार नाही.

आता ड्राइव्ह. यूएसबीची साधी बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह पुरते, कारण डीव्हीडी ड्राइव्ह सीडीही वाचते. आपल्या लॅपटॉपला जुनं रुंद यूएसबी आहे की फक्त टाइप-सी, हे आधी बघा. टाइप-सी असेल तर डेटा वाहून नेणारा अडॅप्टर लागेल, नुसता चार्जिंगचा चालणार नाही. पातळ ड्राइव्ह वीजही त्याच वायरीतून घेते. यूएसबी २.० पोर्टकडून नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर मिळतात, आणि डिस्क वेग घेताना ते अपुरे पडू शकतात. ड्राइव्ह टकटक आवाज करून थांबत असेल तर ती बिघडली असं ठरवण्याआधी थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावून पाहा, नाहीतर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी पेटी) घ्या. ८ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्क असतील तर ट्रे बाहेर येणारीच ड्राइव्ह निवडा. फटीतून डिस्क आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये त्या अडकू शकतात.

जुना संगणक आहे, त्याची ड्राइव्ह नेटवर्कवरून वापरू, हा विचार मनात येतो. डेटा डिस्कसाठी ते जमू शकतं, पण ऑडिओ सीडीसाठी हा मार्ग धरू नका. दुसऱ्या संगणकाची ड्राइव्ह वापरू देणाऱ्या अ‍ॅपलच्या ‘रिमोट डिस्क’ सोयीतही ऑडिओ सीडी चालत नाही. कारण ऑडिओ सीडीवर मुळात फाइली नसतातच, असतो तो आवाजाचा सलग प्रवाह. विंडोजवर दिसणाऱ्या .सीडीए फाइली म्हणजे कुठलं गाणं कुठे सुरू होतं एवढं सांगणाऱ्या चिठ्ठ्या, प्रत्येकी ४४ बाइटच्या. त्या पेनड्राइव्हवर टाकून गाणी घेतली असं समजणारे पुष्कळ आहेत, आणि डिस्क देऊन टाकल्यावर ते कळलं तर फार वाईट वाटतं. जुना संगणक वापरायचाच असेल तर सीडी तिथेच रिप करा, म्हणजे तिच्यावरचा आवाज फाइलींत उतरवा, आणि तयार झालेल्या फाइली इकडे आणा.

डिस्क पुसायला मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड घ्या आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. सीडीवरची माहिती चक्राकार रेघेत असते. आडवा ओरखडा ती रेघ क्षणभरच तोडतो आणि तेवढी चूक ड्राइव्ह भरून काढते. रेघेच्याच दिशेने गेलेला ओरखडा मात्र सलग मोठा तुकडा खातो. नाव छापलेली बाजू तर अधिक जपा. खालून १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण आहे, वरून चकाकणाऱ्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप.

जागेचा हिशेब सोपा आहे. ऑडिओ सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनेल, म्हणजे मिनिटाला सुमारे १० एमबी. तासाभराची सीडी ६०० एमबीच्या आसपास जाते. फ्लॅक या फाइलीच्या प्रकारात एकही बिट न गमावता साधारण निम्मी जागा लागते. ३२० केबीपीएस एमपीथ्रीत १४४ एमबी लागतात, पण त्यातलं गेलेलं परत येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मूळ प्रत फ्लॅकमध्येच ठेवा, फोनसाठी हवी तेव्हा तिच्यापासून एमपीथ्री काढा. गाणी अ‍ॅपल म्युझिकमध्ये ठेवणार असाल तर तिथे फ्लॅक घेतलं जात नाही, म्हणून एएलएसी हा अ‍ॅपलचा तसाच प्रकार निवडा. दोन्हींचा दर्जा तोच.

सॉफ्टवेअर आधी बसवून ठेवा. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी, आणि दोन्हीकडे व लिनक्सवरही चालणारं फ्रीॲक. पहिल्या दोघांतला ॲक्युरेटरिप पर्याय चालू करा. तुमची प्रत इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या प्रतींशी ताडून पाहिली जाते, त्यामुळे जुळली की निर्धास्त.

गाण्यांची नावं आपोआप भरायला इंटरनेट चालू हवं. म्युझिकब्रेन्झसारखा अल्बमच्या माहितीचा ऑनलाइन साठा गाणी ऐकत नाही, डिस्कवरच्या ट्रॅकच्या लांबीवरून ती ओळखतो. म्हणून घरगुती सीडी त्याला ओळखता येत नाही, आणि कधी भलत्याच अल्बमचं नाव पुढे येतं. कव्हर जवळ ठेवा आणि ताडून बघा. नावं देवनागरीत की रोमनमध्ये, हे आजच ठरवा, नाहीतर एकच गायिका तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी दिसेल. निवडक गाण्यांच्या संग्रहात ‘अल्बम आर्टिस्ट’चा रकाना सगळीकडे सारखा भरा. तो रिकामा राहिला तर एका अल्बमचे वीस तुकडे होतात.

चार्जर लावा, लॅपटॉप मध्येच झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा, आणि दुसऱ्या प्रतीसाठी बाहेरची हार्ड डिस्क तयार ठेवा. मग एकच डिस्क रिप करा आणि तिचं शेवटचं गाणं आधी ऐका. सीडी आतून बाहेर वाचली जाते, आणि हाताळताना बोटं लागतात ती बाहेरच्या कडेला. डिस्क पूर्ण भरलेली असेल तर शेवटचं गाणं तिथेच असतं. ते स्वच्छ वाजलं की दुसरी डिस्क लावा.