शेल स्क्रिप्टचा एक्झिट कोड नीट कसा तपासावा

माझी एक बॅकअपची स्क्रिप्ट रोज रात्री लॉगमध्ये 'यशस्वी' लिहून जायची. डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यापासून ती जेमतेम २० बाइटची फाइल बनवत होती, हे गरज पडली त्या दिवशी कळलं. डंप (डेटाबेसची नक्कल काढणारी आज्ञा) रोज फसत होता, पण पाइपच्या (एका आज्ञेचं आउटपुट पुढच्या आज्ञेला देणाऱ्या साखळीच्या) शेवटी बसलेला, फाइल दाबून लहान करणारा जीझिप इमानेइतबारे शून्य परत करत होता. आज्ञा संपताना निकाल म्हणून देते तो हा आकडा म्हणजे एक्झिट कोड.

(आज्ञांचे इथे उच्चार दिलेत; टाइप इंग्रजीतच करायचं.)

१. आकडा लगेच पकडा. नसलेल्या फोल्डरवर 'एलएस' चालवा आणि पाठोपाठ 'इको $?' करा ($? म्हणजे नुकत्याच संपलेल्या आज्ञेचा एक्झिट कोड, इको तो छापतो). लिनक्सवर बहुधा २ दिसेल. तीच इको पुन्हा केलीत तर ०, कारण आता $? मध्ये आधीच्या इकोचा निकाल आहे. म्हणून आज्ञा संपताक्षणी आकडा व्हेरिएबलमध्ये ठेवा, मग काय छापायचं ते छापा.

२. आकडा वाचा. ० म्हणजे काम झालं. पॉसिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामाईक मानकानुसार १२७ म्हणजे आज्ञा सापडलीच नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. सिग्नलने (थांबण्याच्या बाहेरून आलेल्या इशाऱ्याने) मेलेल्या आज्ञेसाठी मानक फक्त '१२८ पेक्षा जास्त' एवढंच सांगतं. १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवायची रीत बॅश, डॅश वगैरे शेलची (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची). कॉर्नशेल ९३ हा दुसरा शेल तर २५६ मध्ये मिळवतो. बॅशमध्ये कंट्रोल-सी दाबल्यावर १३० येतो. १३७ (१२८ + ९, म्हणजे जबरदस्तीने मारलेली आज्ञा) दिसला तर आधी मेमरी संपली होती का ते बघा.

३. 'शून्य नाही' म्हणजे चूकच, असं धरू नका. फाइलीत शब्द शोधणाऱ्या ग्रेपला शब्द मिळाला तर ०, नाही मिळाला तर १, आणि फाइलच उघडली नाही तर १ पेक्षा मोठा आकडा. फाइलींची तुलना करणाऱ्या डिफचंही तसंच: फाइली वेगळ्या असल्या तर १, खरी अडचण त्याच्या वर. नुसतं 'इफ ग्रेप' लिहिलंत की हरवलेली फाइल आणि न मिळालेला शब्द एकाच 'एल्स'मध्ये जातात. इथे 'केस' वापरून तिन्ही वाटा वेगळ्या करा.

४. पाइपवर विश्वास ठेवू नका. पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या आज्ञेचा निकाल. 'सेट -ओ पाइपफेल' लावलं की मधली चूकही वर येते. बॅशमध्ये ही सोय जुनी, पण पॉसिक्समध्ये ती २०२४ च्या आवृत्तीतच आली. डेबियन-उबुंटूवर 'एसएच' म्हणजे डॅश, आणि जुन्या डॅशला हा पर्याय ठाऊक नाही. तेव्हा पहिल्या ओळीत स्पष्टपणे बॅश मागा, नाहीतर मी आता करतो तसं करा: आधी डंप फाइलमध्ये घ्या, आकडा तपासा, मगच जीझिप. जागा जास्त लागते, पण झोप लागते.

'सेट -ई'ने (चूक होताच स्क्रिप्ट थांबवणाऱ्या पर्यायाने) सगळं आपोआप सांभाळलं जाईल असं वाटतं. ते 'इफ'च्या अटीत गप्प बसतं, आणि पाइपफेल नसेल तर पाइपच्या मधल्या चुकीवरही.

५. स्वतःचा आकडा जपून द्या. १ ते १२५ मध्येच राहा. चुका मोजून ती संख्याच 'एक्झिट'ला देणारे महाभाग मी पाहिलेत. बॅश त्यातले खालचे आठ बिट तेवढे ठेवतो, म्हणजे नेमक्या २५६ चुका झाल्या की स्क्रिप्ट ० देते.