टेकडीवर ढोरं सोडताय? या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, हिंगण्याकडच्या बरड टेकड्यांवर माती वीतभरही नसते. खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. वर्षाचा हजारेक मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरातच कोसळतो. तेवढ्या माऱ्यात माती धरून ठेवतं ते गवतच.

सगळ्यात महागात पडणारी चूक मृगातली. पहिली सर आली, टेकडीवर हिरवी झाक दिसली की दुसऱ्याच दिवशी ढोरं वर. उन्हाळाभर कुटारावर काढलेल्या जनावराची भूक पाहवत नाही, म्हणून ही घाई मला समजते. पण तो कोवळा फुटवा मुळांत साठलेल्या अन्नावर आलेला असतो. तोच पुन्हापुन्हा खुडला की ठोंबात जीव राहत नाही. मारवेल, पवन्या ही चाऱ्याची चांगली गवतं हळूहळू मागे पडतात आणि तरोट्याचं तण माजतं. त्याला ढोरं तोंड लावत नाहीत. टेकडी हिरवी दिसते, पण पोटाला काही नाही. त्यात ओल्या मातीत खूर रुततात, माती दबते, पाणी मुरायचं सोडून वाहून जातं. महिना-दीड महिना तरी थांबा आणि तेवढं कुटार, कडबा आधीच राखून ठेवा.

एकदा टेकडीवर उकिडवं बसून पाहा. गवताचं ठोंब भोवतालच्या जमिनीपेक्षा दोन बोटं वर आणि जारवा, म्हणजे बारीक मुळं, उघडा दिसला, तर ठोंब वर आलेलं नसतं, माती खाली गेलेली असते.

रोज एकाच सरळ चढाने ढोरं नेऊ नका. त्या वाटेची घळ होते. वाट तिरपी काढा, जुनीत आडवे दगड रचा. नव्या गवतासाठी उन्हाळ्यात टेकडी पेटवणं तर सोडाच. पाऊस येतो तेव्हा जमीन उघडी पडलेली असते.

सगळा दोष शेळीवर टाकणंही चूक. गवत संपलं की ती बोराचा शेंडाही ठेवत नाही, खरं आहे. पण टेकडीला विसावा न देता गवत संपवतो आपणच.

पाणी अडवायला उताराला आडवे, एका पातळीत समतल चर खोदले आणि चराई तशीच चालू ठेवली, तर चर गाळाने भरतात. टेकडीचे तीन-चार भाग करा. दरवर्षी एक भाग पावसाळाभर बंद ठेवा, तिथे स्टायलो हा शेंगवर्गीय चारा पेरा, बी पडल्यावर गवत कापून न्या. कोणता भाग आधी बंद करायचा, हे सकाळी आखरावर, गावची ढोरं जमतात तिथे, जाऊन गुराख्याला विचारा. कुठल्या उतारावर चारा आधी संपतो, ते तोच रोज पाहतो.