बंद पडलेल्या कंपन्यांच्या ॲनिमे डीव्हीडी जमवायच्या तर शेवटचा व्हॉल्यूम आधी शोधा

जुनी ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) सिरीज अमेरिकन डिस्कवर जमवायची असेल तर पहिल्या व्हॉल्यूमपासून सुरुवात करू नका. शेवटचा व्हॉल्यूम आधी बघा, तो मिळत असेल तरच बाकीच्यांना हात लावा. कारण सांगतो. २००० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत सिरीज एकेक डिस्क करून विकायचे, एका डिस्कवर तीन ते पाच एपिसोड आणि किंमत तीस डॉलरच्या आसपास, म्हणजे २६ एपिसोड पूर्ण करायला सहा-सात डिस्क आणि दोनशे डॉलर. पहिला व्हॉल्यूम लोक हौसेने घ्यायचे, त्याच्यासोबत बऱ्याचदा पुढचे व्हॉल्यूम ठेवायला रिकामा आर्टबॉक्स पण यायचा, मग प्रत्येक व्हॉल्यूमला गिऱ्हाईक गळत जायचं आणि दुकानवाले पण पुढच्या कॉप्या कमी मागवायचे. म्हणून आज पहिला व्हॉल्यूम पाच डॉलरला पडून असतो आणि सातवा महिनोन्महिने दिसत नाही. माझ्या कपाटात असा एक आर्टबॉक्स आहे, सहा व्हॉल्यूम आत आणि सातव्याची जागा अकरा वर्षं रिकामी.

दुसरं काम, कुठली कंपनी कधी गेली ते पाठ करून टाका, कारण कंपनी गेली की तिची डिस्क परत छापली जात नाही. मी २००६ ला ह्यूस्टनला शिकायला आलो, त्याच वर्षी जानेवारीत म्युझिकलँड ही दुकानांची कंपनी दिवाळखोरीत गेली होती, मॉलमधली सनकोस्ट ही ॲनिमेवाल्यांची लाडकी दुकानं तिचीच. मग डिस्क काढणाऱ्या कंपन्यांची पाळी. २००७ च्या सप्टेंबरात जेनिऑनच्या अमेरिकन शाखेने स्वतःचं वितरण थांबवलं आणि कितीतरी सिरीज अर्ध्यावर अडकल्या. २००९ मध्ये न्यूयॉर्कची सेंट्रल पार्क मीडिया दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी ह्यूस्टनच्याच एडीव्ही फिल्म्सने आपली मालमत्ता विकून टाकली. २०१२ च्या सुरुवातीला बंदाई एंटरटेनमेंटने नवीन डिस्क काढणं बंद केलं. सगळा दोष फुकट डाउनलोड करणाऱ्यांवर टाकतात, तो अर्धाच खरा आहे. जपानला लायसन्सचे भारी पैसे आधीच द्यायला लागायचे, दर महिन्याला खपेल त्यापेक्षा जास्त माल बाजारात यायचा, आणि न विकलेल्या डिस्क दुकानवाले परत पाठवायचे तो खर्च पण कंपनीच्याच डोक्यावर. फॅनसबने (चाहत्यांनी स्वतः सबटायटल लावून फुकट वाटलेल्या कॉप्या) त्यात भर घातली एवढंच.

आता घाई करू नका, आधी बघा की ती सिरीज दुसऱ्या कुणी उचलली आहे का. गुरेन लागानचं घ्या, लायसन्स जाहीर केलं एडीव्हीने, पण २००८ मध्ये डिस्क काढल्या बंदाईने, आणि बंदाई थांबल्यावर ब्लू-रे आणली ॲनिप्लेक्सच्या अमेरिकन शाखेने. जुन्या सिरीज उचलण्यात सगळ्यात मनापासून काम करते ती डिस्कोटेक मीडिया, साध्या रेझोल्यूशनची अख्खी सिरीज एका ब्लू-रेवर बसवून देतात, अशा वेळी जुन्या सात डीव्हीडींमागे पळण्यात अर्थ नाही. पण एक तपासा, जुना डब नवीन डिस्कवर आहे का? २०१९ ला नेटफ्लिक्सवर इव्हँजेलियन आलं ते नवीन डबसकट, आणि एपिसोडच्या शेवटचं गाणं अमेरिकेत गायब. २०२१ च्या ब्लू-रेत एडीव्हीचा जुना डब महागड्या लिमिटेड एडिशनमध्येच दिला. ज्यांनी एडीव्हीच्या डिस्क जपून ठेवल्या होत्या त्यांच्याकडे तो आवाज आधीपासून होता.

शोधायचं कुठे? ईबेवर मागितलेली किंमत बघू नका, विकल्या गेलेल्या मालाचं फिल्टर लावा, खरा भाव तिथे कळतो. बारकोडचा नंबर टाकून शोधा, नावाने शोधलं तर दहा एडिशन मिसळून येतात. टेक्सासमध्ये असाल तर हाफ प्राइस बुक्स या सेकंडहँड दुकानांत दर पंधरा दिवसांनी चक्कर मारा, आणि तुमच्या गावच्या पब्लिक लायब्ररीचा सेल तर अजिबात चुकवू नका, फक्त चरे बघून घ्या.

नकली माल ओळखणं मात्र शिकायलाच लागतं. मी पहिल्या वर्षीच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून अख्खा सेट पंधरा डॉलरला घेतला, आला तेव्हा २६ एपिसोड दोन डिस्कमध्ये कोंबलेले आणि सबटायटल वाचवत नव्हते. खुणा अशा: रीजन ऑल (म्हणजे कुठल्याही देशाच्या प्लेयरवर चालणारी) लिहिलेलं, मागे अमेरिकन कंपनीचा लोगो नाही, चिनी आणि इंग्लिश सबटायटल आहेत पण इंग्लिश डब नाही, किंवा असला तरी भलताच, डिस्कची संख्या मूळ सेटपेक्षा कमी. विक्रेत्याकडून डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागवा, कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी किंवा सोनेरी दिसते, घरी बर्न केलेली जांभळट. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर सोडून द्या.

भारतात नेणार असाल तर रीजनचा घोळ समजून घ्या, एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेयरवर चालत नाही. डीव्हीडीत अमेरिका १, जपान २, भारत ५. ब्लू-रेत अमेरिका आणि जपान दोघंही ए मध्ये, भारत सी मध्ये. (जपानमध्ये डिस्क खूप महाग असतात, आणि ब्लू-रेचं एकच रीजन असल्यामुळे तिकडचे लोक अमेरिकेतून स्वस्त डिस्क मागवतील ही भीती, काही अमेरिकन ब्लू-रे इतक्या महाग का असतात त्याचं हे एक कारण.) घरच्या साध्या डीव्हीडी प्लेयरला रिमोटवरून कोड टाकून बऱ्याचदा ऑल रीजन करता येतं, लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये मात्र रीजन पाचदाच बदलता येतो, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा.

स्ट्रीमिंगवर सगळं आहेच की, असं मला पुण्याचा मामेभाऊ नेहमी म्हणतो. बाजार वाढलाय हे खरंच आहे, २०२३ मध्ये ॲनिमेची परदेशातली उलाढाल सुमारे १.७२ ट्रिलियन येन झाली, जपानमधल्यापेक्षा जास्त. पण २०२४ च्या एप्रिलमध्ये फनिमेशन या ॲनिमे कंपनीचं ॲप बंद झालं तेव्हा लोकांनी डिस्कसोबतच्या कोडने घेतलेल्या डिजिटल कॉप्या पण गेल्या, क्रंचीरोल या स्ट्रीमिंग सेवेवर त्या आल्या नाहीत. त्याच लोकांची डिस्क कपाटात होती तशीच आहे. म्हणून क्रंचीरोल बघा, पैसे भरून बघा, आणि जी सिरीज जिवाभावाची आहे तिची डिस्क छापली जातेय तेव्हाच घ्या, सेलची वाट बघत दोन वर्षं काढू नका.

डिस्क उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दिवाळीच्या साफसफाईला बदला. आणि सेकंडहँड डिस्क आली की रिटर्नची मुदत संपायच्या आत शेवटच्या एपिसोडपर्यंत चालवून बघा. बऱ्याच डीव्हीडींना दोन थर असतात, पहिला थर नीट चालतो आणि खराब झालेल्या दुसऱ्या थरावर गेलं की चित्र अडकतं, त्यामुळे पहिली दहा मिनिटं बघून विक्रेत्याला चांगला शेरा देऊन मोकळे होऊ नका.