भातुकली अन् बारीक खेळण्यांचा पसारा असा आवरा
एकच मोठं टोपलं ठेवूच नका, पोरं तळातली एक गाडी काढायला सगळंच ओततात. भातुकली, डॉक्टर सेट, ब्लॉक्स वेगळे करा अन् पारदर्शक बरण्यांत भरा, बाहेरून फोटो चिकटवला की वाचता न येणाऱ्या लेकरालाही कळतं कुठं काय ठेवायचं. आमचा भातुकलीचा इवलासा झारा महिनाभर गादीखाली होता, आता कपबशीच्याच बरणीत असतो. ब्लॉक्स बरणीऐवजी जाळीच्या पिशवीतही चालतात, पिशवीसकट धुता येतात. जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर प्लॅस्टिक नको, वाकडं होतं, अन् खेळणी तिथं ठेवायच्या आधी त्यातले सेल काढा, पाझरतात. घरात ३ वर्षांखालचं लेकरू असेल तर मणी, छोटी चाकं अन् बटन सेल वरच्या फळीवर घट्ट झाकणातच ठेवा, गिळलं तर जिवावर बेततं.