रिमवर्ल्डमधल्या या चुका टाळा: डाकूंना शिव्या घालण्याआधी कोठार आणि स्वयंपाकघर बघा

रिमवर्ल्ड या वस्ती उभारायच्या व्हिडिओ गेममध्ये कॉलनी, म्हणजे आपली वस्ती, बुडाली की माणूस आधी डाकूंना दोष देतो. माझ्या एका मित्राचं रडगाणं ठरलेलं आहे. "एकदम बारा जण आले रे, मी काय करणार?" मी दर वेळी त्याला एकच सांगतो, हल्ल्याच्या दोन दिवस आधीचा सेव्ह उघड. मग सगळं दिसतं. कोठारात पाय ठेवायला जागा नाही, मांस कापायचं टेबल चुलीला खेटून, शेतात गुडघाभर मका आणि हिवाळा चार दिवसांवर. डाकू फक्त शेवटचा धक्का द्यायला आलेले असतात.

खेळ तिसऱ्या स्पीडवर टाकून चहा प्यायला जाणाऱ्यांसाठी हे लिहिलेलं नाही. तुम्हाला पॉजचं बटण जड वाटत असेल तर वाळवंटात उतरलात काय नि जंगलात काय, शेवट तोच.

सुरुवात खाण्यापासून. नेहमीच्या 'क्रॅशलँडेड', म्हणजे यान कोसळून होणाऱ्या सुरुवातीत तीन माणसं आणि पन्नास पाकीटबंद जेवणं मिळतात. पन्नास हा आकडा बघून नवखा निवांत होतो आणि खोल्या सजवायला घेतो. हिशोब करा ना. एक माणूस दिवसाला साधारण दोन जेवणं खातो. तिघांची सहा. म्हणजे हा साठा जेमतेम आठ दिवसांचा. तरीही माझा मित्र पहिल्या दिवशी मका पेरतो, कारण त्याने कुठेतरी वाचलंय की मक्याचं उत्पन्न जास्त. जास्त आहेच, पण साध्या जमिनीत मका तयार व्हायला एकवीसेक दिवस लागतात, आणि इथलं वर्षच साठ दिवसांचं. भात साडेपाच दिवसांत हाताशी येतो. त्यामुळे पहिलं पीक भाताचं, यावर माझ्याकडे चर्चा नाही. जमीन खडकाळ असेल तर बटाटा, कारण हलक्या जमिनीचा त्याला फारसा फरक पडत नाही. मका दुसऱ्या वर्षी, कापणीला माणसं कमी पडायला लागली की.

उतरायची जागा निवडताना पिकाचा हंगाम किती दिवसांचा तेही तिथेच लिहिलेलं असतं. नवखे डोंगर बघतात, नदी बघतात, तो आकडा सोडून सगळं बघतात. आणि ती पाकीटबंद जेवणं कधीच नासत नाहीत. भाताची पहिली कापणी झाली की उरलेल्या पाकिटांवर मी 'फॉरबिड'चा, म्हणजे कोणी हात लावायचा नाही असा, लाल क्रॉस मारतो आणि विसरून जातो. प्रवासाला किंवा अडीअडचणीला ती सोन्यासारखी असतात. सुरुवातीचे दिवस रानातल्या बेरीवर काढा, कोणी मरत नाही. तोंडं वाकडी करतील, तेवढंच.

आता माझं खरं दुखणं, स्वयंपाकघर. माझी तिसरी की चौथी कॉलनी असेल. पाच माणसं, भिंती दगडाच्या, वाळूच्या पोत्यांची आडोशाला रांग, अगदी छान बसवलेलं सगळं. मांस कापायचं टेबल मी चुलीशेजारीच ठेवलं होतं. का, तर स्वयंपाक्याच्या फेऱ्या वाचतील. हुशारीच म्हणायची. फेऱ्या वाचल्याही. जमिनीवर रक्ताचे डाग दिसायचे, ते पुसायचं काम कामांच्या यादीत शेवटी होतं, म्हणजे कोणी कधी पुसतच नव्हतं. स्वयंपाक्याचं कौशल्य जेमतेम तीन. एक दिवस सकाळी हल्ला आला. तीन डाकू. फक्त तीन! मी हसलो होतो तेव्हा.

पाचही जण पोत्यांमागे उभे केले. माझा सगळ्यात चांगला नेमबाज, बोल्ट-ॲक्शन रायफलवाला, दोन गोळ्या झाडून थांबला आणि वाकून ओकायला लागला. मला वाटलं जखमी झाला. त्याच्या तब्येतीचा टॅब उघडला तर अन्नातून विषबाधा. तोवर शेजारचीही ओकायला लागली. तिसरा डुलत डुलत मागे निघालेला, त्याला पाऊलच उचलवत नव्हतं. पाचांतले तिघे आदल्या रात्री एकाच ताटलीच्या ढिगातून जेवले होते. तीन डाकूंनी आरामात चालत येऊन दोघांना मारलं, एकाला उचलून नेलं. उरलेल्या दोघांनी ओकाऱ्या पुसल्या. तेव्हा बरी त्यांना साफसफाई आठवली.

टेबलावर रक्ताचा थेंब नसला तरी ते नुसतं खोलीत असल्यानेसुद्धा खोलीची स्वच्छता धाडकन खाली जाते, हे मला तेव्हा कळलं. टेबलाचाच आकडा उणे पंधरा आहे. आता माझी सवय अशी: चूल एका खोलीत, मांस कापायचं टेबल दुसऱ्या खोलीत किंवा सरळ फ्रीझरमध्ये, आणि मधे दार. फ्रीझरमध्ये थंडीमुळे काम जरा हळू होतं, होऊ दे. स्वयंपाकाला फक्त ज्याला येतं तोच, बाकीच्यांच्या नावापुढचा तो रकाना रिकामा. "पण माझ्याकडे कोणालाच येत नाही" असं म्हणणाऱ्याने तीन माणसं निवडताना काय बघितलं होतं, ते मी विचारत नाही.

फ्रीझरची रड वेगळी. कूलरला निळी बाजू असते नि लाल बाजू असते. निळी आत, लाल बाहेर. हे सांगायची गरज नसावी, पण मी लाल बाजू शेजारच्या बंद खोलीत सोडलेल्या कॉलन्या पाहिल्यात आणि त्या खोलीत माणसं झोपलेली पाहिलीत. गरम हवा उघड्यावर, छप्पर नसलेल्या जागी गेली पाहिजे. दुसरं, कूलर लावला की तो एकवीस अंशांवर असतो. तो आपणहून खाली येत नाही, तुम्ही आणायचा. शून्याच्या खाली गेलं की अन्न नासणं पूर्ण थांबतं. मी उणे नऊवर ठेवतो, कारण दार सारखं उघडतं आणि थोडा वाव असलेला बरा. भिंत दुहेरी, दारं एकामागे एक दोन. सौर ज्वाळेत सगळी वीज बंद पडते तेव्हा तीच दुहेरी भिंत वाचवते.

विजेचं थोडक्यात सांगतो: सगळ्या बॅटऱ्या एकाच तारेवर ठेवू नका, अर्ध्या स्विचच्या पलीकडे ठेवा. शॉर्टसर्किट झालं की साठवलेली सगळी वीज एका क्षणात स्फोटात जाते, आणि जितकी साठवलेली तितका स्फोट मोठा. बॅटऱ्यांवर छप्पर हवंच, पाऊस लागला तरी त्या उडतात.

लाकडी घरं पहिल्या आठवड्यात ठीक. दुसऱ्या ऋतूतही लाकडीच असतील तर तुम्ही राहत नाही आहात, सरपण रचताय.

आता कोठार. याचा विषय काढला की माझा मित्र फोन ठेवतो.

हल्ला किती मोठा यायचा हे खेळ बऱ्याच अंशी तुमच्या संपत्तीवरून ठरवतो. कोठारातलं सामान पूर्ण किमतीने मोजलं जातं, बांधकाम अर्ध्या किमतीने, आणि माणसं वाढली की त्यांचेही गुण त्यात मिळवले जातात. म्हणजे तुम्ही जमवलेली प्रत्येक वस्तू हे डाकूंना धाडलेलं आमंत्रण आहे. नवख्याला हे माहीत नसतं, आणि सांगितलं तरी पटत नाही, कारण बाकी सगळ्या खेळांनी त्याला उलटं शिकवलेलं असतं: दिसेल ते उचल, सापडेल ते खण.

मीही उचललं. एका कॉलनीत डोंगराच्या कुशीत सोन्याची शिरा लागली. मी दोन माणसं लावून ती सगळी खणून काढली. सोन्याचं करायचं काय, काही ठरलं नव्हतं. पिवळे ढीग बघायला बरं वाटायचं. त्यातच प्रत्येक हल्ल्यानंतर मेलेल्यांच्या बंदुका गोळा करून रांगेत मांडायचो, व्यापारी आला की विकू म्हणून. व्यापारी हत्यारांना किमतीचा अगदी लहानसा हिस्सा देतो, पण ती कोठारात पडून असताना मोजली जातात पूर्ण किमतीने. हा घाट्याचा सौदा मी वर्षभर सांभाळला. जेवणाच्या खोलीत संगमरवरी फरशी घातली. माणसं सहा, त्यात धड बंदूक धरणारे तीन, आणि चिलखत कोणाच्याच अंगावर नाही.

मग जे आले ते समोरून आलेच नाहीत. ड्रॉप पॉडमधून, म्हणजे आकाशातून पडणाऱ्या कुप्यांतून, थेट छत फोडून जेवणाच्या खोलीत उतरले, त्या नव्या फरशीवर. माझी पोती, आडोसे, सगळं बाहेरच्या वाटेकडे तोंड करून. स्वयंपाकी हातात ताटली घेऊन उभा होता. पुढचं सांगत नाही.

तेव्हापासून सोनं लागलं तर मी ते डोंगरातच ठेवतो. न खणलेला खडक संपत्तीत धरला जात नाही, त्याहून चांगली तिजोरी कुठे मिळणार? लागेल तेव्हा लागेल तेवढं काढायचं. मेलेल्यांच्या बंदुका वितळवून पोलाद करतो, अंगावरचे कपडे जाळतो. मेलेल्याचे कपडे घातले की माणसं तशीही कुरकुर करतात. दर ऋतूच्या सुरुवातीला 'हिस्ट्री'मधला संपत्तीचा आलेख उघडून बघतो. रेघ चढतेय आणि बंदुका-चिलखतं तेवढीच आहेत, असं दिसलं की बांधकाम बंद. पैसा आधी अंगावर घालायचा, मग जमिनीवर.

आणि इथेच ते व्हिडिओ बघून किलबॉक्स, म्हणजे शत्रूला गोळ्यांच्या टप्प्यात आणणारा लांब बोळ, उतरवणारे आठवतात. पाच माणसांच्या वस्तीला पन्नास माणसांच्या किल्ल्याचा नकाशा. भिंत फोडून येणारे डाकू त्या लांबलचक बोळाकडे बघतही नाहीत, पॉडवाले तर नाहीच नाही. मला किलबॉक्सचा राग नाही. राग याचा येतो की तो बांधणाऱ्याला आपली माणसं दाराआड कशी उभी करायची, जखमी कोणी ओढून न्यायचा, हे कधी शिकावंच लागत नाही, आणि मग ज्या दिवशी बोळ उपयोगाचा नसतो त्या दिवशी तो माउस धरून नुसता बघत बसतो.

मूडबद्दल लोक फार घाबरतात. सुरुवातीला वस्ती गरीब असते तेव्हा माणसांच्या अपेक्षाही कमी असतात, त्याचे भरघोस गुण आयते मिळतात. तेवढ्यात एक टेबल नि खुर्च्या तरी ठेवा. टेबलाविना जेवलं म्हणून वजा तीन. थोड्याशा लाकडासाठी माणूस वेडापिसा झालेला मी पाहिलाय. संपत्ती वाढली की तेच लोक नखरे करायला लागतात. हे कोठाराचं दुसरं बिल.

कामाच्या तक्त्यात नुसत्या बरोबरच्या खुणा करून सोडू नका. वर 'मॅन्युअल प्रायॉरिटी'ची खूण करा, मग एक ते चार आकडे देता येतात. आकडे सारखे असतील तर डावीकडचं काम आधी होतं. आग विझवणं, आजारपण आणि डॉक्टरकी सगळ्यात वर. आणि आग विझवायला, झाडायला माणसं फक्त 'होम एरिया'त, म्हणजे घर म्हणून रंगवलेल्या पट्ट्यात, जातात. शेत जळत असताना सगळे शांतपणे लाकडं वाहताना दिसले तर ती त्यांची चूक नाही, तुमचा पट्टा शेतापर्यंत रंगवलेला नाही.

उरलेलं भराभर. येईल त्या भटक्याला आत घेऊ नका, आधी स्वभाव वाचा, पायरोमेनियाक, म्हणजे आगी लावायची खोड असलेला, असेल तर नमस्कार करून पाठवा. घराजवळ बूमलोप हा प्राणी मारू नका, तो मरताना फुटतो आणि पेटवतो. जाड डोंगराच्या पोटात सगळी वस्ती नेऊ नका, किडे आतूनच निघतात. पहिल्याच खेळात चाळीस मॉड (खेळ बदलणाऱ्या जोडण्या) टाकणाऱ्याला मी मदत करत नाही. काय बिघडलंय ते त्यालाही माहीत नसतं, मलाही.

संकटं कधी धाडायची ते ठरवणारा स्टोरीटेलर निवडताना रँडीचं नाव ऐकलेलं असतं म्हणून सगळे रँडी घेतात. रँडीला ताल नाही. तो दोन महिने काहीच करणार नाही आणि मग एका दिवसात सगळं करील, त्यातून शिकणार काय? कॅसँड्रा घ्या, अवघडपणा 'ॲडव्हेंचर स्टोरी'. ती पायरी पायरीने चढवते, त्यामुळे चूक कुठे झाली ते मागे जाऊन दाखवता येतं. फीबी दोन संकटांत मोकळा वेळ जास्त देते, पण त्या मोकळ्या वेळात नवखा काय करतो ते वर आलंच आहे: फरशी घालतो.

मित्राने काल नवी कॉलनी सुरू केली. भात पेरलाय म्हणाला. मी सेव्ह मागवून बघितला. भात खरंच होता, चार बाय चारचा एक तुकडा. त्याच्या तिप्पट मका.