घाटमाथ्यावरच्या गावात राहायला जायचंय? आधी हंडे मोजा

मे महिना लागला की ऑफिसातलं कोणीतरी विचारतंच, तू त्या डोंगरातल्या गावात जाऊन राहतोस ना, आम्हाला पण सांग कसं जायचं. दर वेळी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. गाव अकोले तालुक्यातलं, आताचा अहिल्यानगर जिल्हा, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगरांत. नाव मुद्दाम देत नाहीये, जेमतेम तीस घरं आहेत आणि एका शनिवारी दहा गाड्या आल्या तर गावाची काय दैना होते ते मी बघितलंय. पण रतनवाडी, कुमशेत, पाचनई ह्या पट्ट्यात कुठेही गेलात तरी खालचं सगळं लागू पडेल.

पहिला प्रश्न कधी जायचं. सगळ्यांना जायचं असतं काजवे बघायला, म्हणजे मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा. आणि नेमकं तेव्हाच गावात पाणी सगळ्यात कमी असतं. हे आपल्या डोक्यातच येत नाही कारण ह्या भागाला आपण पावसाचा भाग म्हणूनच ओळखतो. ह्याच पट्ट्यातल्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईच्या दुप्पट, पण खाली सगळा काळा कातळ, पाणी मुरतच नाही, सुसाट खाली जातं. काही कोकणात, काही प्रवरेतून भंडारदऱ्याच्या धरणात. ते धरण १९२६ सालचं. म्हणजे गेली शंभर वर्षं वरच्या लोकांना खाली भरलेलं धरण दिसतंय आणि घरात हंडा रिकामा. मार्चपासून विहीर तळाला जाते, मग कोरड्या ओढ्यात झिरा, म्हणजे पाणी झिरपायला खड्डा, उकरायचा, त्यात पाणी साचायची वाट बघत बसायचं आणि वाटीने हंडा भरायचा. वाटीने, हो.

आता हिशोब करा. शहरात माणशी रोजचं १३५ लिटर पाणी धरतात. हंडा पंधरा लिटरचा धरला तर एका मुंबईकराचे नऊ हंडे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही सहा जण होतो, मे महिना, दुपारी पोचलो ते घामाघूम, आणि अंगणातल्या पिंपातलं पाणी घेऊन मस्त हातपाय तोंड धुतलं, एकाने तर डोक्यावर दोन तांबे ओतले. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मामी काहीच बोलल्या नाहीत. रात्री दोन वाजता जाग आली तर त्या आणि त्यांची सून बॅटरी घेऊन झिऱ्यावर निघालेल्या, नंबर लावायला. त्या रात्री मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून नियम एकच. फेब्रुवारी ते जून जायचं असेल तर दोघांपेक्षा जास्त जाऊ नका, आंघोळ विसरा, पिण्याचं पाणी माणशी पाच लिटर खालूनच घ्या. ओलं फडकं अंगावरून फिरवलं की झालं. झिऱ्याजवळ साबण अजिबात नाही. आणि संडास. सरकारी योजनेतला संडास बऱ्याच घरांना आहे पण त्यात लाकडं आणि गोवऱ्या भरलेल्या दिसतील, हसू नका, ओतायला पाणीच नसेल तर संडासाचं करायचं काय? खुरपं घेऊन जा, झऱ्यापासून आणि ओढ्यापासून लांब, उताराची दिशा बघून खड्डा करा आणि बुजवा. टिश्यू वगैरे पिशवीत घालून परत आणा. खरं सांगायचं तर सगळ्यात बरा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, भात कापणीला आलेला असतो, ओढ्याला पाणी असतं, थंडी सुरू होते. दिवाळीनंतर मात्र गाव अर्धं रिकामं, तरणी माणसं नारायणगावकडे बागांत मजुरीला जातात, घरात म्हातारी आणि पोरंच. तेव्हा जाऊन मला जेवायला घाला म्हणायला बरं वाटत नाही.

जायचं कसं: पहाटेची कसारा लोकल, दादर किंवा ठाण्याहून. कसाऱ्याला स्टेशनबाहेर जीप मिळते, घोटीला उतरा, तिथून राजूरकडची एसटी. राजूरहून पुढे मुक्कामी गाडी, म्हणजे संध्याकाळी गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच परत निघते. ती चुकली तर पुढचं पायी किंवा कोणाची तरी बाईक, त्यामुळे राजूरला चहा पीत बसू नका. स्वतःची गाडी नेऊ नका असं म्हणत नाही, पण मुक्कामी गाडीत बसलात की गावात पोचायच्या आधीच निम्म्या गावाला कळतं कोण पाहुणा आलाय, आणि राहायची सोय तिथेच होते.

पैसे रोख न्या, दहा-वीस-पन्नासच्या नोटा, रेंज नाही तर यूपीआय कुठून चालणार. रेंज एका ठरावीक कातळावर येते, गावातली पोरं दाखवतात. जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्या, थेट घरातल्या बाईच्या हातात. खायला नागलीची भाकरी, भात, उडदाचं किंवा कुळथाचं काहीतरी, वर मिरचीचा ठेचा. पनीर आहे का विचारणारा मित्र घरीच ठेवून या. घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं, आत चूल, एका बाजूला गुरं, धुराने पहिल्या रात्री डोळे चुरचुरतील.

आजारपणाचं मात्र मस्करीत घेऊ नका. १०८ ला फोन लावायला आधी त्या कातळापर्यंत जावं लागतं, आणि पावसात रस्ता खचला असेल तर पेशंटला झोळीत घालून खांद्यावर खाली न्यावं लागतं. फुरसं, घोणस, मण्यार सगळे आहेत. रात्री बॅटरीशिवाय पाय टाकू नका, बूट झटकून घाला. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो हात किंवा पाय हलवू न देता सरळ दवाखाना. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात आहे हे जातानाच राजूरला विचारून ठेवा. आणि मुंबईहून गोळ्यांची पिशवी नेऊन वाटत बसू नका, आशाताई असतात, त्यांना विचारा.

जुने कपडे पण नकोत. शाळेच्या व्हरांड्यात मुंबईहून आलेल्या कपड्यांचा ढीग मी बघितलाय, त्यात पार्टीचे गाऊन आणि एक टाय होता. गुरुजींना आधी फोन करा, ते सांगतील काय हवंय. मी एकदा मामींनाच विचारलं की पुढच्या वेळी काय आणू. त्या म्हणाल्या, आणू काय नको, आवणीला ये, माणूस कमी पडतं.

तर आवणीला, म्हणजे जुलैत भाताची रोपं लावायला, जायचं असेल तर रेनकोट घरी ठेवा. वाकून रोपं लावताना पाणी मानेतून आत शिरतं, तिथे इरलंच, म्हणजे डोक्यापासून पाठ झाकणारं पावसाचं आच्छादन, लागतं आणि ते गावात मिळतं. चिखलात अनवाणीच उतरायचं, नखं कापून जा. कपडे वाळत नाहीत म्हणून दोन जोड जास्त, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. वीज चार-चार दिवस नसते, पॉवरबँक भरून घ्या. आणि मुक्कामी गाडी पावसात गावापर्यंत जाईलच असं नाही, शेवटचे दोनेक तास चालायची तयारी ठेवा.