शांत पीसी जुळवायचाय? आधी वॉट मोजा

पहिल्यांदा डेस्कटॉप जुळवणारे बहुतेक जण आवाजाचा विचार सगळ्यात शेवटी करतात. प्रोसेसर ठरतो, ग्राफिक्स कार्ड ठरतं, उरलेल्या पैशांत कॅबिनेट येतं. मशीन चालू होऊन घोंघावायला लागलं की मग विचारतात, ‘आवाज न करणारे पंखे कुठले घेऊ?’ मित्रमंडळींकडून मला हा प्रश्न नेहमी येतो. तोवर आवाज किती होणार हे बरंचसं ठरून गेलेलं असतं. मी स्वतः सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करतो: या खोक्यात एकूण किती वॉट उष्णता तयार होणार?

कॉम्प्युटर जेवढी वीज खेचतो तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. 400 वॉट खेचणारं मशीन म्हणजे खोलीत 400 वॉटचा हीटर. कूलर कितीही भारी लावा, तो उष्णता फक्त इकडून तिकडे नेतो, कमी करत नाही. म्हणून उष्णता मुळातच कमी तयार होऊ देणं हा आवाज घटवण्याचा सगळ्यात परिणामकारक उपाय, आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

प्रोसेसरच्या खोक्यावर टीडीपी, म्हणजे कूलरला किती वॉट उष्णता हाताळावी लागेल याचा कंपनीचा अंदाज, छापलेला असतो. त्या आकड्यावर विसंबू नका. एएमडीच्या एएम5 सॉकेटवरचे 170 वॉटवाले प्रोसेसर प्रत्यक्षात 230 वॉटपर्यंत जातात, 105 वॉटवाले 142 पर्यंत आणि 65 वॉटवाले 88 पर्यंत. वरच्या टोकाचा थोडासा वेग मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे शेवटचा तो तुकडा फार महाग पडतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालायची सोय, लावून 230 ची मर्यादा 142 वर आणली, तर वॉट जेवढे घटतात त्या मानाने वेग फारच कमी घटतो. इंटेलच्या बाबतीत पीएल1 (सतत किती वॉट) आणि पीएल2 (थोड्या वेळापुरते किती वॉट) या मर्यादा बघा. काही मदरबोर्डवर त्या मुळातच मोकळ्या सोडलेल्या असतात.

ग्राफिक्स कार्डाचंही तेच. पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणून आपला नेहमीचा गेम किंवा रेंडर चालवून बघा. फरक मॉनिटरवर शोधावा लागतो, कानांना मात्र लगेच कळतो. कार्डातून बारीक चिरचिर येत असेल तर ती पंख्याची नसते, कार्डावरची तारांची वेटोळी (कॉइल) थरथरत असतात. फ्रेम रेटला मर्यादा घातली की बहुतेक वेळा ती बरीच कमी होते.

आता पंखे. इथे थोडं गणित करून बघण्यासारखं आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. एकसारखे तीन पंखे एकत्र लावले तर एकाच्या तुलनेत आवाज जेमतेम 5 डेसिबलने चढतो. म्हणजे पूर्ण वेगाच्या एका पंख्याऐवजी निम्म्या वेगाचे तीन लावले, तर हवा दीडपट मिळते आणि आवाज 10 डेसिबलने कमी, म्हणजे कानाला जवळपास निम्मा लागतो. माझी सगळी मशीन्स याच हिशेबावर उभी आहेत: जास्त पंखे, मोठे पंखे, सगळे सावकाश. जागा असेल तिथे 120 ऐवजी 140 मिलिमीटरचे घ्या. चार पिनांचे पीडब्ल्यूएम (मदरबोर्डच्या सिग्नलवर वेग बदलणारे) पंखे घेतले की खालच्या वेगावरही नीट ताबा राहतो. बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक (तेलाच्या थरावर फिरणारं) असेल तर उत्तम, कारण पंखा सावकाश फिरत असताना हवेचा आवाज दबतो आणि बेअरिंगची खरखरच तेवढी उरते.

कॅबिनेट घेताना आतून फोम लावलेलं, पुढून बंद मॉडेल मोहात पाडतं. मी ते टाळतो. हवा आत यायला वाट अरुंद असली की पंखे जोरात पळवावे लागतात, आणि फोमने अडवलेला आवाज त्यातच परत येतो. पुढे मोकळी जाळी, हवा पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे ती फटींतून न शिरता फिल्टरमधूनच येईल. कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी कॅबिनेटच्या स्पेसिफिकेशनशी ताडून बघा. नॉक्टुआचा एनएच-डी15 एकटाच 165 मिलिमीटर उंच आहे.

लिक्विड कूलर की एअर कूलर? शांतता हवी असेल तर माझं मत मोठ्या टॉवर एअर कूलरला. लिक्विड कूलरमध्ये पंप कायम चालू असतो, मशीन नुसतं बसलेलं असतानाही. तरी घेतलाच, तर पंप हा त्या सगळ्या जोडणीत सर्वांत उंचावर येणार नाही असा बसवा, नाहीतर आतली हवा पंपात साठते आणि गुळगुळ ऐकू येते. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला लेप) आणि स्क्रू यांवर फार बोलायला नको: थोडी पेस्ट मधोमध, कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढलेली, स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळलेले. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) गरजेपेक्षा जरा मोठा घेतला की त्याचा पंखा बराच वेळ सावकाश किंवा बंदच राहतो. 7200 आरपीएमची (मिनिटाला 7200 फेऱ्यांची) हार्ड डिस्क 120 हर्ट्झची घूं घूं पत्र्यातून सगळीकडे पसरवते. शांत मशीनमध्ये एसएसडीच बरी.

खरा वेळ द्यायचा तो फॅन कर्व्हला, म्हणजे कुठल्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल त्या आलेखाला. ब्राउझर उघडला तरी प्रोसेसरचं तापमान क्षणभर 15-20 अंशांनी उसळतं आणि लगेच खाली येतं. मूळ सेटिंगवर पंखा त्या प्रत्येक उसळीमागे धावतो. एका लयीत चाललेला आवाज कान थोड्या वेळात विसरतो, वरखाली होणारा विसरत नाही. म्हणून साधारण 65-70 अंशांपर्यंत कर्व्ह जवळपास सपाट ठेवा, पुढे हळूहळू चढवा आणि पंख्याला प्रतिसाद द्यायला काही सेकंदांचा उशीर लावा. बायोसमध्ये हे ‘स्टेप अप टाइम’ किंवा तशाच नावाने सापडतं. तापमानाच्या आकड्याने दचकू नका. रायझन 7000 मालिकेतले बरेचसे प्रोसेसर भरपूर काम असताना 95 अंशांपर्यंत जातील अशीच त्यांची रचना आहे. गेमिंग मशीन असेल तर कॅबिनेटचे पंखे ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधा, कारण आतली बहुतेक उष्णता तिथूनच येते. बऱ्याच बायोसमध्ये ही सोय नसते. विंडोजवर फॅन कंट्रोल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने ती होते.

मग एक काम शांत वेळी, कॅबिनेटची बाजू बंद करून करायचं. एकेक पंखा 50-50 आरपीएमने चढवत जा आणि ऐका. कुठल्या तरी वेगावर अचानक गुणगुण सुरू होते आणि थोडं पुढे गेलं की विरते. पंख्याची थरथर आणि पत्र्याची थरथर तिथे जुळलेली असते. तो टप्पा लिहून ठेवा आणि पंखा त्यावर रेंगाळणार नाही असा कर्व्ह आखा. दोन पंखे जवळपास सारख्या, पण नेमक्या सारख्या नसलेल्या वेगाने फिरत असतील तर ऊं...ऊं असा चढउतार ऐकू येतो. त्यातल्या एकाचा वेग थोडा बदला.

शेवटची चाचणी मशीनला भरपूर काम देऊन निदान अर्धा तास चालवा. पहिल्या पाच मिनिटांत हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) आणि आतली हवा पुरती तापलेलीच नसते, त्यामुळे आकडे फसवे दिसतात. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आलेख स्थिरावला की मगच कर्व्ह कायम करा आणि तेव्हाचं तापमान नोंदवून ठेवा. काही महिन्यांनी त्याच चाचणीत तापमान चढलेलं दिसलं तर आधी फिल्टर झाडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं.